पुढच्या चाकातील खुळखुळ

व्यापारी कुटुंबात मोटार आता दुकानातील तराजूइतकीच कामाची वस्तू झाली आहे. सकाळी माल आणायला, दुपारी बँकेत, संध्याकाळी लग्नकार्याला आणि रविवारी लेकीच्या घरी जाणारी तीच एक गाडी असते. ती सुरळीत चालते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही आणि ती बंद पडली की सगळा व्यवहार अडतो. या दोन अवस्थांच्या मध्ये तिसरी एक अवस्था असते. गाडी चालते, पण आवाज करते. घरोघरी सर्वाधिक दुर्लक्ष होते ते या तिसऱ्या अवस्थेकडे. कोणी काच वर करतो, कोणी गाण्यांचा आवाज वाढवतो आणि कोणी 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' असे म्हणून तो विषय जणू उचंत खात्यात टाकतो.

पुढच्या चाकाजवळून येणारी खुळखुळ ही अशा तक्रारींपैकी सर्वांत नेहमीची आणि सर्वांत फसवीही आहे. आपल्या रस्त्यांवर काही वर्षे धावलेल्या गाडीत ती आज ना उद्या उद्भवतेच, म्हणून ती नेहमीची. फसवी अशासाठी की चाकावरची प्लास्टिकची सैल टोपी खुळखुळते त्याच जागेतून, चाकाचा आधार सुटत चालल्याची सूचनाही येऊ शकते. आवाजाच्या मोठेपणावरून धोक्याचा मोठेपणा ठरत नाही. हे मला आमच्याच कुटुंबातील एका गाडीने नीट समजावले. त्या प्रकरणातील शोधाची रीत वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

माझे थोरले बंधू आता हयात नाहीत. सांगलीतील त्यांचे कापडाचे दुकान वहिनी आणि पुतण्या मिळून चालवतात. त्यांच्याकडे नऊ वर्षे जुनी, एकाहत्तर हजार किलोमीटर धावलेली एक लहान मोटार आहे. पुतण्या आठवड्यातून दोनदा त्याच गाडीने इचलकरंजीला जाऊन माल घेऊन येतो. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीच्या पुढील भागातून खुळखुळ ऐकू येऊ लागली. पुतण्याने ती एका सेवाकेंद्रात दाखवली. तेथून जे अंदाजपत्रक मिळाले त्यात दोन्ही बाजूंचे शॉकअब्सॉर्बर, त्यांची वरची माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड, बुशचा संच आणि मजुरी असे सर्व धरून ३२,६०० रुपयांचा आकडा होता. दिवाळीच्या मालात पैसा गुंतलेला असताना एवढी रक्कम काढणे पुतण्याला शक्य नव्हते. त्याने कागद घडी करून कप्प्यात ठेवला आणि ठरवले की यातले काहीच आत्ता करायचे नाही. ब्रेक लागतात, टायर चांगले आहेत, आवाजाचे काय, तो तर येतच असतो, अशी त्याची समजूत झाली.

त्यात अडचण अशी की पंधरा दिवसांनी याच गाडीने सर्वांना रत्नागिरीला, वहिनींच्या लेकीकडे जायचे होते. सांगलीहून कोल्हापूर, मलकापूर आणि पुढे आंबा घाट उतरून जाणारा तो रस्ता आहे. वहिनींनी ते अंदाजपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "भावजी, एवढ्या वस्तू बदलायच्या म्हणतात. पण यातली कुठली नाही बदलली तर जिवाला धोका आहे, एवढंच जरा विचारा की त्यांना."

मला हा प्रश्न अतिशय मार्मिक वाटला. बँकेत असताना मी शाखांचे तपासणी अहवाल वाचत असे. चाळीस शेऱ्यांच्या अहवालात एकोणचाळीस शेरे सही राहिल्याचे, शिक्का नीट न उमटल्याचे असत आणि एखादाच शेरा तारण मालाविषयीचा, खरोखर गंभीर असा असे. सर्व शेरे एकाच अक्षरात आणि एकाच क्रमाने टंकलिखित केलेले असल्यामुळे तो एक शेरा बाकीच्यांत हरवून जाई. त्या अंदाजपत्रकाचेही तसेच झाले होते. त्यात आठ-दहा ओळी होत्या, परंतु कोणत्या ओळीवर घाटातील चार माणसांची सुरक्षितता अवलंबून आहे हे कोठेही लिहिलेले नव्हते.

आवाजाचा शोध घेण्यापूर्वी चाकामागे काय असते याची थोडी कल्पना असणे आवश्यक आहे. आज आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट या नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ती विकसित केली आणि पुढे फोर्ड कंपनीच्या मोटारींतून ती जगभर पसरली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्याही पुढच्या चाकांना हीच रचना होती. हिच्यात स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. खांबाचे वरचे टोक रबरी माउंटिंगमधून गाडीच्या सांगाड्याला टेकते आणि खालचे टोक चाकाच्या हबला घट्ट आवळलेले असते. हबच्या तळाला आडवा लोअर आर्म येऊन मिळतो. हे मिलन बॉल जॉइंटमधून होते, म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा तो सर्व बाजूंना फिरतो, म्हणून चाक वरखालीही होते आणि वळतेही. लोअर आर्मचे दुसरे टोक रबरी बुशमधून सांगाड्याला धरलेले असते. याशिवाय डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे जाणारी एक वाकवलेली पोलादी सळई असते. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये हे तिचे काम. ती दोन्ही टोकांना ज्या बोटभर जाडीच्या दांड्यांनी खांबाला किंवा आर्मला जोडलेली असते, त्यांना गॅरेजमध्ये लिंक रॉड म्हणतात.

जुन्या पिढीच्या गाड्यांत अशा सांध्यांना वेळोवेळी ग्रीस भरावे लागे आणि त्या निमित्ताने मिस्त्रीची नजर सांध्यांवरून फिरत असे. आजचे सांधे कारखान्यातच ग्रीस भरून रबरी टोपीने बंद केलेले येतात. त्यांना देखभाल लागत नाही, पण त्यामुळे त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. रबरी टोपी फाटली की ग्रीस बाहेर येते, पाणी आणि धूळ आत जाते, आणि गोळा व वाटी एकमेकांना झिजवू लागतात. आवाज सुरू होतो तो त्यानंतर, म्हणजे झीज बरीच झाल्यावर.

एवढ्या सगळ्या सांध्यांतून नेमका दोषी कसा शोधायचा? हिशेबनीसांना एक जुनी युक्ती ठाऊक असते. तेरीज जुळत नसेल तर सगळी खतावणी पुन्हा तपासण्याआधी फरकाच्या रकमेकडे पाहावे. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, म्हणजे ७,३५० च्या जागी ७,५३० पडले असावेत. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे किंवा नावेऐवजी जमा पडली असण्याचा संभव असतो. फरक स्वतःच बोलतो, त्याला विचारता मात्र आले पाहिजे. गाडीच्या आवाजाचेही असेच आहे. आवाज कोठून येतो हे कान नीट सांगू शकत नाहीत, कारण लोखंडातून आवाज दूरवर प्रवास करतो आणि डाव्या चाकाचा आवाज चालकाला समोरून आल्यासारखा वाटू शकतो. आवाज केव्हा येतो, हे मात्र कोणालाही अचूक लिहून ठेवता येते.

म्हणून मी पुतण्याला एक शाळकरी वही दिली आणि रकाने आखून दिले. वेग किती होता, रस्ता गुळगुळीत की खडबडीत, स्टिअरिंग सरळ की वळलेले, ब्रेकवर पाय होता की नव्हता, एक चाक खड्ड्यात गेले की दोन्ही, आणि आवाज कसा होता. गाडी चालवताना काहीही लिहायचे नाही, शेजारी बसलेल्याने लिहायचे किंवा गाडी थांबवून लिहायचे, अशी अट घातली. शेवटच्या रकान्याविषयी पुतण्या म्हणाला, "काका, आवाज म्हणजे आवाज. त्यात काय लिहायचं?" वस्तुतः या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. खुळखुळ, खडखड, कटकट, करकर, घरघर, ठक् आणि धप्प हे सात शब्द सात वेगवेगळ्या जागांकडे बोट दाखवतात. मिस्त्रीला 'आवाज येतो' असे सांगण्यापेक्षा यांपैकी योग्य तो शब्द सांगितला, तर त्याचे निम्मे काम होते.

वही सुरू करण्याआधी घरच्या घरी करता येण्याजोग्या गोष्टी उरकून घेतल्या. चाकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढून ठेवल्या. चाकाचे नट पान्याने घट्ट आहेत ना ते पाहिले. ही तपासणी कधीही चुकवू नये, कारण सैल नट हे खुळखुळीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भयंकर कारण आहे. बॉनेट उघडून बॅटरीची पट्टी हलते का ते पाहिले. ही पट्टी सैल झाली की खड्ड्यात नेमका चाकातून आल्यासारखा आवाज येतो. चाकामागील पातळ पत्र्याच्या तबकडीत खडा अडकलेला नाही याचीही खात्री केली. या सर्व ठिकाणी काही सापडले नाही.

आठ दिवसांत वहीत २७ नोंदी झाल्या. त्यांना पहिला प्रश्न असा विचारला की आवाज चाकाच्या फिरण्याशी बांधलेला आहे की रस्त्याच्या खडबडीतपणाशी. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर असतो, म्हणजे ताशी वीस किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ तीन फेरे घेते. आवाज या गतीने टक टक टक येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर दोष फिरणाऱ्या भागात असतो. बेअरिंग खराब असेल तर गुळगुळीत रस्त्यावरही घरघर येते आणि वळणावर एका बाजूला भार पडला की तिचा सूर बदलतो. एक्सलचा बाहेरचा सांधा झिजला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट कटकट ऐकू येते. आमच्या वहीत गुळगुळीत रस्त्यावरची एकही नोंद नव्हती. म्हणजे बेअरिंग आणि एक्सल या दोघांवरचा संशय बराच कमी झाला.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये थोडे सैल असले तर खडबडीत रस्त्यावर ते डबीतल्या खड्यांसारखे वाजतात. याची परीक्षा सोपी आहे. रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात, आवाज चालू असताना ब्रेकचे पेडल अगदी हलके दाबावे. पॅड डिस्कला टेकताच आवाज थांबला, तर तो पॅडचा. आमचा आवाज थांबला नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला. गतिरोधकावरून दोन्ही पुढची चाके एकदम चढली, तेव्हा खुळखुळ जवळजवळ नव्हती. एकच चाक खड्ड्यात गेले किंवा एकाच बाजूला दगड-गोटे लागले की ती जोरात येई. यामागे सरळ कारण आहे. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती आडवी सळई नुसती फिरते, पिळली जात नाही आणि लिंक रॉडवर जोर येत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली असले की सळई पिळते आणि लिंक रॉडचे झिजलेले सांधे आपटू लागतात. २७ पैकी २४ नोंदी याच प्रकारच्या होत्या आणि त्या सर्वांपुढे 'खुळखुळ' असे लिहिलेले होते.

उरलेल्या तीन नोंदींपुढे पुतण्याने 'ठक्' असे लिहिले होते. तिन्ही वेळा गाडी अगदी हळू होती. दोनदा दुकानाच्या बोळातून मागे घेताना ब्रेक लावल्यावर आणि एकदा स्टिअरिंग वळवलेले असताना चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरल्यावर. "हे फार बारीक आहे काका, सोडून द्या," असे तो म्हणाला. मी त्या तीन ओळींखाली लाल रेघ ओढली. चोवीस नोंदींचे उत्तर मिळाले म्हणून पंचविसावी आपोआप सुटत नाही, हे तेरीज जुळवणाऱ्या कोणालाही पटेल.

ही वही घेऊन आम्ही सांगली-मिरज रस्त्यावरील एका छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींकडे गेलो. साठीच्या घरातील हा माणूस कमी बोलणारा. त्यांनी वही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक एवढं सांगत नाही. नुसतं 'सगळं बघा' म्हणतं. मग आम्ही सगळंच बघतो आणि सगळंच बदलतो."

त्यांनी गाडी प्रथम खड्ड्यावर उभी केली, चारही चाके जमिनीवर ठेवून. खाली उतरून एका हाताने लिंक रॉड धरला आणि पोराला वरून गाडी आडवी हलवायला सांगितली. सांध्यातील ठोके बोटांना स्पष्ट जाणवत होते. मी व पुतण्याने दोघांनीही हात लावून पाहिले. फक्त एक चाक जॅकवर उचलून ही तपासणी करू नये, असे त्यांनी सांगितले. एक चाक लोंबकळत आणि दुसरे जमिनीवर असले की सळई पिळलेली राहते, लिंक रॉड ताणला जातो आणि सैल सांधाही घट्ट भासतो. मग त्यांनी खात्रीसाठी दोन्ही लिंक रॉड सोडवले, सळई कोठे घासणार नाही अशी बांधली आणि आम्ही विश्रामबागेतील एका शांत गल्लीत सावकाश फेरी मारली. लिंक रॉड नसताना गाडी वळणावर अधिक कलते, म्हणून हा प्रयोग जाणकाराने आणि संथ वेगातच करायचा असतो. खुळखुळ पूर्णपणे नाहीशी झाली होती.

खुळखुळ गेल्यामुळे उरलेला आवाज उघडा पडला. गाडी मागे घेऊन ब्रेक लावताच उजवीकडून एकच, कोरडा 'ठक्' आला. इतके दिवस मोठ्या आवाजाने त्याला झाकून ठेवले होते. मिस्त्रींचा चेहरा बदलला. परत आल्यावर त्यांनी गाडीचा पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये, हा त्यांच्या गॅरेजचा नियम होता. त्यांनी उजवे चाक घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले, म्हणजे स्टिअरिंगच्या सांध्यांची परीक्षा झाली. तेथे काही नव्हते. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले, तेव्हा चाक किंचित डोलले. आता हे डोलणे बेअरिंगचे की बॉल जॉइंटचे? त्यांनी पोराला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक दाबला की हब आणि चाक एकमेकांशी बांधले जातात, त्यामुळे बेअरिंगमधील सैलपणा लपतो. आमचे चाक ब्रेक दाबूनही डोलतच होते. शेवटी त्यांनी लोअर आर्म आणि हब यांच्या मध्ये टॉमी घालून हलकेच उचलले आणि विजेरीच्या उजेडात आम्हाला दाखवले. गोळा वाटीत वरखाली सरकत होता. त्यावरची रबरी टोपी फाटली होती आणि ग्रीसच्या जागी गंजाचा लालसर चिखल होता.

याचा अर्थ सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही. ते इतकेच म्हणाले की हा गोळा एक दिवस वाटीतून बाहेर येतो. तसे झाले तर चाकाला खालून धरणारे काही उरत नाही. चाकाचा तळ बाहेरच्या बाजूला सरकतो, गाडीचा तो कोपरा खाली बसतो आणि स्टिअरिंग हातात राहूनही गाडी ऐकत नाही. हे उभ्या गाडीत झाले तर गाडी ओढून न्यावी लागते, आणि घाटात झाले तर काय होईल हे सांगण्याची गरज नव्हती. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आपणहून गाडीची किल्ली मिस्त्रींच्या फळीवर ठेवली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काम झाले. दोन लिंक रॉड १,७०० रुपये, उजव्या बाजूचा बॉल जॉइंट १,१५० रुपये, मजुरी १,४०० रुपये आणि चाकांची अलाइनमेंट ५०० रुपये, एकूण ४,७५० रुपये. डाव्या बाजूचा बॉल जॉइंट घट्ट होता, त्याची टोपी शाबूत होती, म्हणून तो ठेवला आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे असे वहीत लिहिले. शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळत नव्हते आणि गाडी दाबून सोडली की ती एकदाच वर येऊन स्थिर होत होती, म्हणून त्यांनाही हात लावला नाही. कामाच्या शेवटी मिस्त्रींनी जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट सैल केले असल्यामुळे ते त्यांनी गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पूर्ण आवळले. चाके लोंबकळत असताना ते आवळले तर बुशचे रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि अल्पावधीत फाटते. बिलावर या काळजीची वेगळी ओळ नसते, पण काम किती टिकणार हे तिच्यावर ठरते.

हे वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की मोठे सेवाकेंद्र म्हणजे लूट आणि छोटे गॅरेज म्हणजे प्रामाणिकपणा. ते खरे नाही. त्या ३२,६०० रुपयांच्या यादीत दोन्ही लोअर आर्म होते आणि या गाडीचा नवा लोअर आर्म बॉल जॉइंटसह येतो. म्हणजे पुतण्याने ती यादी जशीच्या तशी मान्य केली असती तर धोका टळलाच असता. त्या यादीत उत्तर होते, पण ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे हे तिच्यात नव्हते. सर्व ओळी सारख्या दिसल्यामुळे रक्कम पाहून पुतण्याने सर्वच ओळी नाकारल्या आणि त्या नकारात अकराशे पन्नास रुपयांची ती एक ओळही गेली. व्यापारी माणूस खर्चाला भीत नाही, कारण न कळलेल्या खर्चाला भितो. समजावून न सांगितलेले मोठे अंदाजपत्रक पाहून तो काहीच न करण्याचा मार्ग धरतो, आणि खरा धोका त्या 'काहीच नाही'मध्ये असतो.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरची गाडी तरुण मुलांच्या हाती देणाऱ्या वडीलधाऱ्यांना, काही सूचना कराव्याशा वाटतात. आवाज सुरू झाला की त्याची तारीख लिहावी आणि तो केव्हा येतो हे आठवडाभर नोंदवावे. मात्र आवाजाबरोबर स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, हातात थरथर जाणवत असेल, चाक डोलताना दिसत असेल किंवा नुकतेच चाक बदललेले असेल, तर वही बाजूला ठेवून गाडी तिथेच थांबवावी आणि मिस्त्रीला बोलवावे. गॅरेजमध्ये 'सगळं बघा' असे न म्हणता नोंदी दाखवाव्यात आणि शक्य असल्यास मिस्त्रीला शेजारी बसवून तोच आवाज त्याच रस्त्यावर ऐकवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून पाहावी, म्हणजे कोणत्या दुरुस्तीने काय झाले ते कळते. काढलेला भाग मागून घ्यावा आणि हातात घेऊन हलवून पाहावा. अंदाजपत्रकातील प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहून मागावा. 'आज', 'लवकर' किंवा 'सवडीने'. जो मिस्त्री हे शब्द लिहून देऊ शकतो, त्याने गाडी खरोखर पाहिलेली असते.

आणि एक आवाज बंद झाला की लगेच समाधान मानू नये. गाडी पुन्हा एकदा शांत रस्त्यावर न्यावी, काचा खाली कराव्यात, गाणी बंद करावीत आणि मोठ्या आवाजाखाली आणखी काही दबलेले होते का ते ऐकावे. वहिनींनी त्या दिवशी विचारलेला प्रश्न तर प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी विचारावा. यातले काय नाही केले तर जिवाला धोका आहे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत किल्ली उचलू नये.